पंडित म्हाइंभट : विद्येचा धनी कोण?

आपल्या अंगी कोणता गुण आहे, हे मनुष्यास बहुधा लवकर उमगते. परंतु तो गुण कोणासाठी आहे, हे उमगावयास कित्येकदा अर्धे आयुष्य खर्ची पडते. आत्मनिरीक्षण हा शब्द आपण सहज उच्चारतो आणि त्याचा अर्थ डोळे मिटून स्वतःविषयी चिंतन करीत बसणे असा करतो. वस्तुतः आपली बुद्धी, आपले श्रम आणि आपले दिवस कोणाच्या चाकरीत जात आहेत, याचा हिशेब स्वतःपाशी मागणे, हेच आत्मनिरीक्षणाचे खरे स्वरूप होय. ज्याने हा हिशेब प्रामाणिकपणे मागितला त्यास आपले कार्य सापडते, आणि कार्य सापडले म्हणजे समाधानाचा निराळा शोध घ्यावा लागत नाही. या दृष्टीने लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट यांच्या चरित्राचे मनन करण्यासारखे आहे. लीळाचरित्र आपल्या नित्य वाचनात असते. परंतु ते सिद्ध करणाऱ्या पुरुषाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तसे होणे हे त्यांच्या कार्याचेच यश आहे, हे पुढे दिसून येईल.

म्हाइंभट हे सराळ्याचे. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या भागातले. घर संपन्न होते आणि बुद्धी तीक्ष्ण होती. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानापाशी त्यांचे अध्ययन झाले आणि शास्त्रांत ते पारंगत झाले. तो काळ देवगिरीच्या यादवांचा. राजा महादेव आणि त्यामागून रामदेवराव यांच्या राजवटीत संस्कृत विद्येस मोठा राजाश्रय होता. हेमाद्री पंडितासारखा ग्रंथकार राज्यकारभाराच्या मुख्य पदावर होता. अशा काळी शास्त्र जाणणाऱ्यास मान, धन आणि प्रतिष्ठा ही ओघानेच लाभत. वादसभेत प्रतिपक्षास निरुत्तर करणे ही पांडित्याची कसोटी मानली जाई. म्हाइंभटांची विद्या खरी होती, तिच्यात खोट नव्हती. परंतु तिचा धनी त्यांचा अभिमान होता. दुसऱ्यास जिंकण्यासाठीच तिचा व्यय होत होता.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची कीर्ती त्यांच्या कानी आली, तेव्हाही ते प्रथम वादाच्याच बुद्धीने निघाले. गोदावरीच्या तीरावर डोमेग्राम येथे त्यांची भेट झाली. डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील आजचे कमालपूर. गुजरातेत प्रधानाच्या कुळात जन्मलेले स्वामी येथे महाराष्ट्रात येऊन मराठीत निरूपण करीत होते, आणि त्यांच्याभोवती पंडितांबरोबर स्त्रिया, शूद्र, माळी, गवळी असे सर्व थरांतील लोक होते. पंडिताच्या दृष्टीने ही सभा वादाची नव्हतीच. तेथे म्हाइंभट आपले पांडित्य घेऊन गेले आणि निरुत्तर होऊन परतले.

या पराभवाचे मर्म समजून घेतले पाहिजे. एखादा पंडित दुसऱ्या पंडिताकडून हरला, तर तो घरी जाऊन आणखी ग्रंथ पाहतो आणि पुन्हा येतो. त्याच्या अहंतेस जखम होते, परंतु ती मरत नाही. म्हाइंभटांचे तसे झाले नाही. मुमुक्षूचे लक्षण शास्त्राधारे सांगणे ही एक गोष्ट, आणि ते लक्षण आपल्या ठायी आहे काय असे स्वतःस विचारणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना ग्रंथ साक्षीस येत नाही. जे आपण जाणतो असे म्हणतो ते आपल्यात नाही, ही जाणीव ज्यास झाली त्यास आत्मज्ञानाची पहिली पायरी लाभली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा विवेक तोंडी सांगणाऱ्यालाही प्रथम जीव म्हणजे मीच, अविद्येने वेढलेला, हे ओळखावेच लागते.

पुढे म्हाइंभटांनी घरदार सोडले आणि ते या परिवारात आले. शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले आणि भक्तजन अनाथ झाल्यासारखे विदर्भात रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी एकवटले. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले हे गाव पुढे पंथाची काशी ठरले. आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, हे सर्वांचे आधार होते. ते एकांती स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांच्या हे ध्यानी आले आणि आचार्य काय आठवीत आहेत याची त्यांनी पृच्छा केली. लीळांचे स्मरण चालले आहे, असे कळताच त्यांच्या मनात पुढची गोष्ट उभी राहिली. आज आचार्यांपाशी हे स्मरण आहे, उद्या आचार्य नसतील. मग मागून येणाऱ्यांनी कशाचे स्मरण करावे? या लीळा लिहून ठेवाव्यात अशी त्यांनी विनंती केली. आचार्यांनी ती मान्य केली आणि स्वतः सांगू लागले. रिद्धपूरच्या वाजेश्वरी स्थानी लेखन चालू झाले. हा काळ शके १२०० (इ. स. १२७८) च्या आसपासचा मानला जातो.

म्हाइंभटांनी येथे कोणतीही नवी विद्या संपादन केली नाही, हे लक्षात घ्यावे. शब्दाची पारख, प्रमाणाचा विचार, कोणाचे वचन ग्राह्य व कोणाचे शंकास्पद हे ठरविण्याची शिस्त, हे सारे त्यांच्यापाशी होतेच. वादसभेसाठी त्यांनी ते कमावले होते. तेच आता लीळासंग्रहाच्या कामी आले. आचार्यांनी सांगितले तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जी लीळा आचार्यांच्या समक्ष घडली नव्हती, ती ज्याच्या समक्ष घडली त्याच्याकडे ते गेले. गावोगाव हिंडून त्यांनी ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याच तोंडून वृत्तांत घेतला आणि तो पुन्हा आचार्यांपुढे ठेवून शोधून घेतला. दोन साक्षींत भेद पडला तर एक खोडून दुसरी ठेवावी असे न करता तो भेदही नोंदविण्याची रीत या ग्रंथात दिसते. तीस पंथाच्या परिभाषेत वासना म्हणतात. स्थळ कोणते, सोबत कोण होते, काय खाल्ले, कोणते वाक्य आधी व कोणते नंतर, इतके बारकावे त्यांनी जपले. जात्यंध आणि हत्तीचा दृष्टांत आपणा सर्वांस परिचित आहे. प्रत्येकाच्या हाती एकच अवयव लागतो. परंतु सर्वांस विचारणारा कोणी भेटला तर हत्ती कळण्याची वाट मोकळी होते. म्हाइंभट असे विचारणारे झाले.

यात आणखी एक गोष्ट घडली. ज्यांस शास्त्र ठाऊक नव्हते, ज्यांचे नाव कोणत्याही वादसभेत निघाले नसते, अशा माणसांच्या दारी एक पंडित शिष्यासारखा जाऊन बसू लागला. त्या माणसांजवळ द्रव्य नव्हते, पांडित्य नव्हते. एखादी आठवण होती. ती विचारली गेली आणि तिचे मोल झाले. म्हणजे एकाला कार्य सापडले तेव्हा त्या योगे अनेकांच्या आयुष्यास अर्थ आला. खरे कार्य ओळखण्याची ही एक खूणच म्हणावी लागेल.

ग्रंथाची भाषा मराठी ठेवली गेली, हाही त्याच वृत्तीचा भाग होय. संस्कृतात लिहिले असते तर पंडितांत म्हाइंभटांचे नाव झाले असते. पुढे केशिराजबास संस्कृत रचनेकडे वळले असता आचार्यांनी त्यांस आवरले, कारण तसे केल्याने साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया या ज्ञानास मुकल्या असत्या. लीळाचरित्रातील वाक्ये लहान आहेत, बोलण्यासारखी आहेत. त्यांत पंडिताचा डौल नाही. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत पसरलेल्या या ग्रंथात संग्राहकाने आपली थोरवी कोठेही मिरविलेली नाही. जेथे ते स्वतः येतात तेथे वाद करावयास आलेला आणि निरुत्तर झालेला पुरुष म्हणून येतात. आपल्या पराभवाची नोंद आपल्याच हाताने, काही न लपविता करणे, हे ज्याने स्वतःस ओळखले आहे त्यालाच साधते. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनी याच निष्ठेने सिद्ध केले.

पुढे यादवसत्तेच्या अखेरच्या धामधुमीत खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली. अभिमानासाठी लिहिणाऱ्याचे सर्वस्व तेथेच संपले असते. परंतु हा ग्रंथ अनेकांच्या मुखातून आला होता आणि अनेकांच्या मुखी गेला होता. हिराइसांसारख्या भक्तांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. निरनिराळ्या पाठांचे कारण हेच. नंतर सकळ लिपीच्या आड तो शतकानुशतके जपला गेला आणि विसाव्या शतकात छापून सर्वांपुढे आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या प्रसंगीही मराठी गद्याच्या प्राचीनत्वाचे प्रमाण म्हणून लीळाचरित्राकडे बोट दाखविले गेले. आणि ज्या रिद्धपुरात ते लिहिले गेले तेथे आज मराठी भाषा विद्यापीठ आहे.

येथे कोणी म्हणेल की, म्हाइंभट संपन्न होते, विद्वान होते, त्यांस सर्व सोडून जाणे शक्य झाले. ज्यास रोजच्या भाकरीची भ्रांत आहे त्याने काय करावे? हा आक्षेप बीड जिल्ह्यात तरी हलका मानता येणार नाही. पाटोदा तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. बालाघाटाच्या या पठारावर मांजरा उगम पावते, सिंदफणाही येथल्याच चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते. एक पूर्वेकडे दूर जाऊन, दुसरी मांजरथाजवळ, अशा दोघी शेवटी गोदावरीस मिळतात. परंतु उगम आपला असूनही पाणी येथे ठरत नाही, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस परमुलखी जातात. त्यांस केवळ आत्मनिरीक्षणाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसापुढे पोथी ठेवणे होय. त्यांच्या श्रमास न्याय्य मोबदला आणि त्यांच्या मुलांस शाळा मिळाली पाहिजे; ते काम उपदेशाने भागणारे नाही.

तथापि म्हाइंभटांचे चरित्र धंदा सोडा असे सांगत नाही. त्यांची विद्या तीच राहिली. तिचा धनी बदलला. हा पालट जेथे ज्यास जेवढा शक्य असेल तेथे तेवढा करता येतो. मास्तरास शिकविण्याचे कसब असते. ते पगारासाठी चालले आहे की समोरच्या पोरासाठी, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. कारकुनाच्या हाती लेखणी असते. तिच्याने तो दारी आलेल्याचे काम अडवितो की सोडवितो, हे तो संध्याकाळी स्वतःस विचारू शकतो. आणि पोथी वाचणाऱ्या आपणासही हा प्रश्न सुटत नाही. आपण निरूपण करतो ते ऐकणाऱ्याच्या कल्याणासाठी, की आपल्या पाठांतराचे कौतुक व्हावे म्हणून? सराळ्याचा पंडित डोमेग्रामास जाण्यापूर्वी जेथे उभा होता, तेथे आपणही उभे असू शकतो.

असो. रात्री नामस्मरणास बसताना क्षणभर थांबून आजचा दिवस कोणाच्या चाकरीत गेला, एवढे जरी पाहिले, तरी म्हाइंभटांनी धरलेल्या वाटेवर एक पाऊल पडेल. आणि ज्यांस आणखी काही करावेसे वाटेल, त्यांनी घरातील वृद्ध आईपाशी किंवा गावातील एखाद्या जुन्या माणसापाशी जाऊन बसावे, तिने-त्याने पाहिलेले विचारावे व जसे सांगितले तसे लिहून ठेवावे. विचारणारा आला नाही म्हणून कितीतरी स्मरण रोज मातीत जात आहे. दंडवत प्रणाम.