थेंबाचा हिशेब मांडणारा डॉक्टर

अळवावरच्या पाण्याची उपमा आपण क्षणभंगुरतेला देतो. आमच्या अकोल्याकडे कपाशी फवारणाऱ्या शेतकऱ्याला मात्र पानावरून ओघळलेला थेंब म्हणजे वाया गेलेले औषध. म्हणून तो पंपात स्टिकर घालतो. पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब पसरतो. थेंब कुठे गोल राहील नि कुठे पसरेल, याचा नियम सांगणाऱ्या थॉमस यंगचे चरित्र मला नेहमीच चटका लावते.

1773 साली इंग्लंडमधील मिल्व्हर्टन गावी एका क्वेकर कुटुंबात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो अनेक भाषा शिकला. पेशा मात्र डॉक्टरकीचा पत्करला. प्रकाश लाटांच्या रूपाने चालतो, हे त्याने मांडले तेव्हा ‘एडिंबरो रिव्ह्यू’ने त्याची टर उडवली. शास्त्राच्या नादी लागलेल्या डॉक्टरवर रोगी भरवसा ठेवणार नाहीत, या धास्तीने पुढे तो कित्येक लेख निनावी छापू लागला.

1805 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने थेंबाच्या कडेवरील ताणांचा तोल सांगितला, तोही एकही समीकरण न मांडता. पण हा हिशेब आडव्या ओढीचा होता. थेंबाची कड खालच्या पृष्ठभागाला वरही ओढते. ती ओढ हिशेबाबाहेर राहिली. काचेवर हे खपून जाते, कारण तिथे उठणारा उंचवटा अणूहूनही लहान असतो.

मऊ, जेलीसारख्या रबरावर मात्र थेंबाभोवती शेताच्या धुऱ्यासारखा बांध उभा राहतो. थेंब सरकला की हा धुराही सोबत सरकवावा लागतो. त्यात शक्ती खर्ची पडते आणि थेंबाची चाल मंदावते. या बांधाच्या उंचीचा अंदाज हवा असेल, तर पृष्ठताणाला पदार्थाच्या ताठरपणाने भागावे. हा ताठरपणा मोजतात तो ‘यंगच्या गुणांका’ने! 1807 साली छापलेल्या व्याख्यानांत ती कल्पनाही यंगनेच मांडली होती.

दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हाती होत्या. पण रुग्णालय, प्रकाश, इजिप्तची चित्रलिपी अशा शंभर वाटांनी धावणारा यंग 1829 साली, वयाच्या 55व्या वर्षी गेला. त्या वरच्या ओढीचे गणित 1961 साली लेस्टरने केले. थेंब आपणहून अधिक मऊ भागाकडे सरकतात, हे तर 2013 साली प्रयोगात दिसले.

हयातीत हेटाळणी झालेल्या या माणसाचे काम असे पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालले आहे. पानावरच्या थेंबाकडे पाहताना मला आता क्षणभंगुरता आठवत नाही, यंग आठवतो.