डाल्टनची हवामानवही

जॉन डाल्टन मला पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या पुस्तकात, अणुसिद्धांताच्या चार मुद्द्यांपुरता. मुद्दे पाठ केले, मार्क पडले, विषय संपला. हा माणूस आधी हवेचा होता आणि मग अणूंचा झाला, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. तेही एका साध्या प्रश्नामुळे.

प्रश्न असा. आपल्या भोवतीच्या कोरड्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याहून थोडा कमी अरगॉन आणि साधारण 0.04 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हे सगळे सारख्या वजनाचे नाहीत. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड, आणि कार्बन डायऑक्साइड तर हवेच्या जवळजवळ दीडपट जड. मग बाटलीत हलवून ठेवलेलं तेल आणि पाणी जसं वेगळं होतं, तसे हे वायू वेगळे का होत नाहीत? मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. वातावरणातला सगळा कार्बन डायऑक्साइड खाली बसला, तर जमिनीलगत त्याचा साधारण तीन मीटर जाडीचा थर होईल. म्हणजे आपण सगळे उभ्या उभ्या त्यात बुडू. तसं होत नाही म्हणून आपण जिवंत आहोत. पण का होत नाही, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. डाल्टनने विचारलं.

इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलँडमध्ये ईगल्सफील्ड नावाचं खेडं आहे. तिथे 1766 साली एका विणकराच्या घरी त्याचा जन्म झाला. घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे साधी राहणी, साधे कपडे, आणि प्रार्थनेला जमले की बराच वेळ शांत बसणारी ख्रिस्ती माणसं. घरात पैसा नव्हता. बारा वर्षांचा असताना हा मुलगा गावात शाळा चालवू लागला. आपल्याएवढ्याच, कधी आपल्याहून मोठ्या मुलांना शिकवायचं म्हणजे काय झालं असेल, याची कल्पना करावी. पुढे केंडल गावच्या क्वेकर शाळेत तो आणि थोरला भाऊ शिकवायला गेले आणि 1785 मध्ये दोघा भावांनी ती शाळाच चालवायला घेतली.

विद्यापीठाचं दार मात्र त्याला बंद होतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज त्या काळी फक्त चर्च ऑफ इंग्लंडच्या माणसांसाठी. क्वेकर मुलगा कितीही हुशार असला तरी तिथे त्याला जागा नव्हती. मग तो शिकला कुठे? माणसांकडे. गावातले ईलायहू रॉबिन्सन हे क्वेकर गृहस्थ हवामानाच्या नोंदी ठेवायचे, त्यांनी त्याला गणिताची गोडी लावली. केंडलला जॉन गॉफ भेटले. लहानपणी देवीच्या रोगाने गॉफ यांची दृष्टी गेली होती, पण ते हाताने चाचपून झाडं ओळखत. लॅटिन, ग्रीक, गणित त्यांनीच डाल्टनला शिकवलं आणि हवामानाची वही ठेव असं सुचवलं, तेही त्यांनीच.

24 मार्च 1787 रोजी त्या वहीत पहिली नोंद झाली. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस, आकाशात उत्तरेचा प्रकाश दिसला तर तोही. उपकरणं बरीचशी स्वतः बनवलेली. वही पुढे 57 वर्षं चालली. नोंदी सुमारे 2 लाख.

1793 मध्ये तो मँचेस्टरला आला. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या मुलांसाठी तिथे एक कॉलेज होतं, त्यात गणित शिकवू लागला. त्याच वर्षी हवामानावरचं त्याचं पुस्तक निघालं. आणि 1794 मध्ये तो एका संस्थेचा सभासद झाला, जिचं नाव ऐकून मला आपलं मंडळ आठवलं: मँचेस्टरची साहित्य आणि तत्त्वज्ञान सोसायटी. डाल्टनने आपले बहुतेक महत्त्वाचे निबंध तिथे, अशा एका मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. तो पुढे तिचा सचिव झाला आणि 1817 पासून मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. ‘सायन्सवाली साहित्य मंडळात काय करते?’ असं मला आपल्याकडे अधूनमधून विचारतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

तिथला त्याचा पहिला मोठा निबंध हवेवर नव्हता, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर होता. जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी दिसायचं आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात वेगळंच. इतरांना तसं दिसत नाही हे लक्षात आल्यावर त्याने ते लपवलं नाही, नीट तपासून लिहून काढलं. डोळ्यातला द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता आणि मेल्यावर डोळे तपासावेत असं त्याने सांगून ठेवलं होतं. तपासले. द्रव स्वच्छ निघाला, तर्क चुकला होता. पण डोळे जपून ठेवले गेले आणि 1995 मध्ये त्यांच्या डीएनएवरून त्याच्या रंगांधळेपणाचा नेमका प्रकार कळला.

आता हवेकडे येऊ. हवेतल्या बाष्पाबद्दल त्या काळच्या अनेक रसायनशास्त्रज्ञांचं मत असं, की साखर पाण्यात विरघळते तसं पाणी हवेत विरघळतं. डाल्टनने मोजून पाहिलं. ठरावीक तापमानाला बंद भांड्यात जेवढं बाष्प मावतं, तेवढंच मावतं. भांड्यात आधी हवा असो की नसो. म्हणजे बाष्प हवेत विरघळत नाही, ते आपलं आपण वेगळंच राहतं. आषाढात बेळगावला दोरीवरचे कपडे चार दिवस का वाळत नाहीत, याचं उत्तर यात आहे. त्या तापमानाला बाष्पाची जेवढी जागा असते ती बाष्पानेच भरलेली असते. कपड्यांतल्या पाण्याला जायला वाव उरत नाही.

यातून 1801 च्या सुमारास त्याने नियम मांडला: मिश्रणातला प्रत्येक वायू, जणू तो एकटाच आहे असा दाब देतो, आणि एकूण दाब म्हणजे या सगळ्यांची बेरीज. एका वायूच्या कणांना दुसऱ्या वायूचे कण आड येत नाहीत, म्हणून जड वायू खाली बसत नाही, सगळे एकमेकांत पसरतात. हे मत पुष्कळांना पटलं नाही. विरोध करणाऱ्यांत खुद्द गॉफ होते. ज्यांनी हातात वही दिली, त्याच गुरूंनी छापील लेखांतून त्याच्याशी वाद घातला. डाल्टन आपल्या मोजमापांवर ठाम राहिला.

पण मग पुढचा प्रश्न आला. वेगवेगळ्या वायूंचे कण असतात तरी कसे? काही वायू पाण्यात जास्त विरघळतात, काही कमी, ते का? कणांच्या वजनात फरक असेल का? एकेक कण तोलता येत नाही, पण एकाच्या तुलनेत दुसरा किती जड हे काढता येईल. 6 सप्टेंबर 1803 रोजी त्याच्या वहीत अशा तुलनात्मक वजनांचा पहिला तक्ता दिसतो. 1808 मध्ये ‘अ न्यू सिस्टिम ऑफ केमिकल फिलॉसॉफी’ या पुस्तकाचा पहिला भाग निघाला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकातले ते चार मुद्दे जन्माला आले. तक्त्यातले आकडे बरेच चुकीचे होते. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं त्याने धरलं होतं. दिशा मात्र बरोबर होती.

हवेबाबतही तो एका ठिकाणी अडला. प्रत्येक वायूचं वातावरण वेगळं, तर उंच जाऊ तसं जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी व्हायला हवं. 1804 मध्ये फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने बलूनमधून 6,000 मीटरच्याही वर जाऊन हवा भरून आणली. तिच्यातलं ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवरच्याएवढंच निघालं. वारे आणि हवेतली उलथापालथ सगळे वायू सतत घुसळत असतात, म्हणून असं होतं. भूगोलात आपण शिकतो ते तपांबर, स्थितांबर, मध्यांबर हे थर तापमानाच्या चढउतारावरून पाडलेले आहेत, वायूंच्या वजनावरून नव्हेत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. सुमारे 100 किलोमीटरच्या वर ही घुसळण थांबते. तिथे हवा इतकी विरळ की कणांची टक्करही क्वचितच. मग प्रत्येक वायू खरोखर आपल्या वजनाप्रमाणे राहू लागतो. जड वायू लवकर संपतात, आणखी वर सुटा ऑक्सिजन, त्याच्यावर हेलियम, सगळ्यात वर हायड्रोजन. डाल्टनचं म्हणणं तिथे लागू पडतं. त्याच्या हयातीत तिथवर पोचणारं काहीच नव्हतं.

म्हातारपणी मान मिळाला. 1832 मध्ये ज्या ऑक्सफर्डने त्याच्यासारख्यांना दार उघडलं नव्हतं, त्यांनीच मानाची पदवी दिली. तिचा झगा लालभडक. क्वेकर माणूस असा रंग घालत नाही. पण 1834 मध्ये राजासमोर तो त्याच झग्यात उभा राहिला, कारण त्याला तो लाल दिसतच नव्हता. मुलांना गणित शिकवणं तरीही चालू होतं. त्यांतला एक जेम्स जूल. होय, ऊर्जेच्या एककाला ज्याचं नाव आहे तोच.

26 जुलै 1844 च्या संध्याकाळी थरथरत्या हाताने त्याने वहीत थोड्या पावसाची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आयुष्यभर साधा राहिलेल्या या अविवाहित मास्तराच्या अंत्यदर्शनाला सुमारे 40,000 लोक आले, असं सांगतात. त्याचे बरेचसे कागद 1940 च्या डिसेंबरात मँचेस्टरवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळले.

हे सगळं वाचून मीही गेल्या जूनमध्ये एक वही केली. रोज सकाळी तापमान, ढग, पाऊस. तेविसाव्या दिवशी विसरले, चोविसाव्या दिवशी कंटाळा केला. 57 वर्षं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. वही अजून टेबलावर आहे. या सोमवारपासून पुन्हा लिहायला घेतली आहे.