सुभेदार मल्हारराव होळकर : कळपाच्या शाळेतील विद्यार्थी

पौषी पौर्णिमा जवळ आली की नेरळच्या आपल्या घरांतून म्हशाच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. कळंबच्या वाटेने मुरबाड तालुक्यातील म्हसा गाठावयाचे, म्हसोबाचे दर्शन घ्यावयाचे, घोंगड्यांची दुकाने पाहावयाची आणि जनावरांच्या बाजारातून एक फेरी मारावयाची, हा आपला जुना परिपाठ आहे. जनावरांच्या बाजारात कोठेही जा, एखादे दहाबारा वर्षांचे पोर मेंढ्याचे दावे घट्ट धरून उभे असलेले दृष्टीस पडते. गिऱ्हाईक येते, मेंढ्याचा ओठ वर करून दात पाहते, पाठीच्या कण्यावर हात दाबून अंगातील मांस अजमावते. मेंढा दोन दाती की चार दाती, हे पोराला आधीच ठाऊक असते. जाणता बाप मुद्दाम चार पावले मागे थांबतो आणि उत्तर पोराला देऊ देतो.

ते पोर पाहिले म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या बालपणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यांचे चरित्र आपल्या समाजात घरोघर सांगितले जाते. परंतु बहुधा ते तलवारीपासून सुरू होते. ते काठीपासून सांगावे, एवढाच या अल्पशा लेखाचा हेतू आहे.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीरेकाठच्या होळ या गावी झाला. गावाच्या नावावरूनच घराण्यास होळकर हे नाव पडले. वडील खंडूजी हे गावचे चौगुले होते. मल्हारराव अवघे तीन वर्षांचे असता पितृछत्र हरपले. विधवा माता लेकराला घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांच्याकडे गेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या मुलखात मामाची मेंढरे राखीत मल्हारराव वाढले.

रानात झोपलेल्या मल्हारीवर नागाने फणा धरल्याची आख्यायिका आपणां सर्वांस परिचित आहे. श्रद्धेने ती जरूर सांगावी. तथापि त्या पोरक्या मुलावर खरे छत्र धरले ते भावाच्या दारी जाण्याचे धैर्य करणाऱ्या मातेने, आणि भाच्याच्या हाती आपला कळप विश्वासाने सोपविणाऱ्या मामाने. कळप म्हणजे त्या काळच्या धनगराची सारी मत्ता. ती लहान मुलाच्या हवाली करणे ही लहान गोष्ट नव्हे.

कळप राखणारास पुष्कळ शिकावे लागते. पाणी कोठे आहे, चारा किती दिवस पुरेल, आभाळ केव्हा फिरेल, लांडगा कोणत्या अंगाने येईल, हे त्याला अगोदर ओळखावे लागते. सायंकाळी वाघुरीत मेंढरे शिरताना एक जरी कमी भरले तरी त्याला चैन पडत नाही. पुढे हजारो घोडेस्वार घेऊन दूरदूरच्या मजला मारणाऱ्या सेनापतीस याहून निराळे काय लागते?

भोजराज हे सरदार कदम बांडे यांच्या पदरी शिलेदारी करीत. मल्हाररावांनीही तेथेच घोड्यावर मांड ठोकली. १७१७ साली मामांनी आपली कन्या गौतमाबाई त्यांस दिली. १७२१ च्या सुमारास ते बाजीराव पेशव्यांच्या सेवेत आले, आणि पुढे माळव्याचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. १७३७ साली मराठी फौजा दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकल्या, त्यांत ते होते. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतही त्यांनी पराक्रम गाजविला. म्हणजे आपल्या या उत्तर कोकणाच्या मुक्ततेतही या मेंढपाळाच्या मुलाचा वाटा आहे.

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपताबाबत त्यांस आजवर दोष दिला जातो. तो प्रसंग गाळून चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे नव्हे. त्यांचा कल गनिमी काव्याकडे होता. सदाशिवरावभाऊंनी तोफखान्याच्या बळावर समोरासमोर लढण्याचे ठरविले. दिवस फिरला तेव्हा मल्हारराव आपले लोक घेऊन रणांगणातून निघाले. याला कोणी पळ म्हणतो, कोणी शहाणपण म्हणतो. परंतु उरलेली पाच वर्षे ते वृद्धापकाळातही उत्तरेतील मराठ्यांची विस्कटलेली घडी बसविण्यासाठी झटले, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत थोर कृत्य मात्र रणांगणावरचे नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात एकुलता एक पुत्र खंडेराव पडला. सून अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाली. तिला त्यांनी परावृत्त केले. एवढ्यावरच न थांबता राज्याचा कारभार, फौजेची रसद, तोफखान्याची सिद्धता ही कामे त्यांनी तिच्यावर टाकली. मामाने भाच्यावर टाकलेला विश्वास भाच्याने सुनेवर टाकला. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा देहान्त झाला. पुढल्याच वर्षी नातू मालेरावही गेला. तरी दौलत उघडी पडली नाही. कारण तिची राखण करणारी तयार होती.

समाजबंधुभगिनींनो, आज आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारी मेंढरे आहेत. कोकणच्या पावसात ती टिकत नाहीत. भातकापणीनंतर घाटावरचे आपले बांधव वाडे घेऊन खाली उतरतात, खाचरांत मेंढरे बसवितात, आणि पाऊस लागण्यापूर्वी घाट चढून जातात. त्यांना पाहून आपल्या शाळकरी मुलांनी मान फिरवावी, हे आपणांस शोभते काय? आणि त्या वाड्यांवरील मुलांची शाळा दरवर्षी तुटावी, हे तरी शोभते काय?

म्हणून यंदा म्हशास जाल तेव्हा मुलांना, आणि मुलींनाही, अवश्य बरोबर न्यावे. जनावराचे दावे त्यांच्या हाती द्यावे, दात पाहावयास शिकवावे, किंमत त्यांनाच बोलू द्यावी. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना वेळेवर शाळेत धाडावे. विश्वासाने जबाबदारी सोपविलेले लेकरू काय होऊ शकते, याचा दाखला होळ गावच्या मल्हारीने देऊन ठेवला आहे.