नूरची सुटकेस

यात्रेत, मिरवणुकीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात वॉकीटॉकी असतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. केवढंसं ते यंत्र! पण दुसऱ्या महायुद्धात असाच निरोप धाडणारा आणि घेणारा रेडिओ म्हणजे सुटकेसमध्ये बसवलेलं सुमारे १५ किलोचं ओझं असायचं. मैत्रिणींनो, हे ओझं घेऊन जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये साडेतीन महिने फिरलेली एक मुलगी आपल्या बडोद्याच्या घराण्यातली होती. नूर इनायत खान तिचं नाव.

नूरचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्याचे गायक, वीणावादक आणि सूफी. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयानं बडोद्यात संगीतशाळा काढली होती. टिपू सुलतानाच्या घराण्याशीही नातं सांगितलं जातं. आई अमेरिकन, लग्नानंतर अमिना बेगम झालेली. नूर जानेवारी १९१४ मध्ये मॉस्कोत जन्मली आणि वाढली पॅरिसजवळच्या सुरेन गावात. १९२७ साली वडील दिल्लीत वारले, तेव्हा ती १३ वर्षांची. आई दुःखानं पार खचली आणि तीन धाकट्या भावंडांचं सगळं नूरवर येऊन पडलं. थोरल्या लेकीच्या वाट्याला काय येतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यातूनही ती संगीत शिकली, बालमानसशास्त्र शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ साली निघालं.

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या, तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला गेलं. घरात अहिंसेचे संस्कार. पण डोळ्यांदेखत अन्याय होत असताना स्वस्थ बसणं नूरला पटेना. ती हवाई दलाच्या महिला विभागात दाखल झाली आणि वायरलेस शिकली. युद्धानंतर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं उभ्या राहू, हे तिनं इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं म्हणतात!

उत्तम फ्रेंच येतं म्हणून गुप्त कामासाठी तिची निवड झाली. प्रशिक्षकांचं मत मात्र बरं नव्हतं. फार हळवी, विसराळू, खोटं बोलायला न जमणारी, असे शेरे पडले. तरी माणसांची टंचाई होती आणि हिचा वायरलेसवर हात बसलेला होता. १६ जूनच्या रात्री, १९४३ साली, छोट्या विमानानं तिला फ्रान्समध्ये उतरवलं. इंग्लंडहून तिथे गेलेली ती पहिली महिला रेडिओ ऑपरेटर.

आता हे काम कसं चालायचं ते बघा. सुटकेसमध्ये निरोप पाठवायचा आणि ऐकायचा असे दोन्ही भाग. बोलायचं नाही, मोर्सच्या टकटकीत सांकेतिक मजकूर पाठवायचा. कोणत्या लहरीवर पाठवायचं, ते छोट्या स्फटिकावर ठरे. स्फटिक बदलला की लहर बदलली. सुमारे २० मीटर लांब तार एरियल म्हणून बाहेर ताणावी लागे. प्रत्येकीच्या हातची भाकरी जशी ओळखू येते, तशी ठोकण्याच्या ढबीवरून माणसं ओळखू येत. नूरचा हात जड होता, मैत्रिणी त्यावरून तिला चिडवत.

धोका असा, की सेट चालू झाला की जर्मनांच्या शोधगाड्या त्याचा माग काढत. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत आवरायचं, सेट बंद करायचा आणि जागा बदलायची. असे ऑपरेटर जेमतेम सहा आठवडे टिकतात, असा तेव्हाचा हिशेब होता.

नूर पोचली आणि दहा-बारा दिवसांत तिचे बहुतेक साथीदार पकडले गेले. लंडननं परत आणायची तयारी दाखवली. तिनं नकार दिला, कारण ती गेली असती तर पॅरिसचा धागाच तुटला असता. केस रंगवून, घरं बदलून ती निरोप पाठवत राहिली. एकदा मेट्रोत दोन जर्मन शिपायांनी सुटकेसमध्ये काय आहे असं विचारलं. सिनेमाचं यंत्र आहे, असं सांगून तिनं वेळ मारून नेली, असा प्रसंग तिच्या चरित्रांत येतो. खोटं बोलता न येणारी मुलगी ती हीच!

ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीनं ती पकडली गेली. तिची एक चूकही महाग पडली. पाठवलेल्या निरोपांच्या नकला तिनं वहीत जपून ठेवल्या होत्या. त्या वाचून जर्मनांनी तिच्याच सेटवरून, तिच्याच नावानं लंडनशी संवाद सुरू केला. लंडनच्या साहेबांना वेळेत शंका आली नाही आणि नंतर पाठवलेली काही माणसं थेट शत्रूच्या हाती पडली. दोष एकट्या नूरचा नव्हता.

तिनं दोनदा पळून जायचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही, असं लिहून द्यायला ती तयार झाली नाही. मग जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात दहा महिने साखळदंडात एकटीला ठेवलं. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला आणखी तिघींसह गोळी घातली. वय अवघं तीस.

फ्रान्सनं तिला क्रॉ द गेर दिलं, तर ब्रिटननं १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ साली तिचा अर्धपुतळा उभा राहिला.

आपल्याकडेही एखादी मुलगी जरा हळवी दिसली, की ही कसली धीट होणार, असं सगळ्यांसमोर म्हणून मोकळे होतो आपण. बचत गटात, शाळेत, घरात मी हे सतत ऐकते. नूरच्या कागदांवरही तोच शेरा होता. पुढच्या वेळी तोंडातून तसं निघायच्या आत त्या पोरीच्या हाती एखादं जबाबदारीचं काम देऊन तर बघा.