तेरचे गोरोबाकाका कुंभार

लोणावळ्याजवळ वलवण येथें हातानें घडविलेलीं चिनीमातीचीं भांडीं विकणारें एक लहानसें दुकान आम्हीं पाहिलें. घडविणारा तोच आणि विकणाराही तोच. गिऱ्हाईक पेला उचलून बोटाच्या पेरानें हळूच वाजवितें. भांडें अखंड असेल तर नाद स्वच्छ येतो. तडा असेल तर तें बद्द वाजतें. हें पाहतांना, ज्या कुंभारानें एके काळीं संतांचीं डोकीं अशीच वाजवून पाहिलीं, त्या गोरोबाकाकांची आम्हांस आठवण झाली.

गोरोबा तेर गांवचे. हें गांव धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं आहे. प्राचीन तगर नगर तें हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी ग्रंथांत पैठणाबरोबर त्याचें नांव आलें आहे. येथील त्रिविक्रमाचें जुनें देऊळ विटांचें आहे, आणि भूमींतून निघालेल्या भाजल्या मातीच्या कितीएक वस्तू गांवच्या संग्रहालयांत मांडल्या आहेत. म्हणजे गोरोबांनीं चाक फिरविलें त्याच्या हजार वर्षें आधींपासून येथील माती मनुष्याच्या हातीं आकार घेत होती. परंपरा त्यांचा जन्म इ. स. १२६७ व मृत्यु १३१७ मानते. ज्ञानदेव व नामदेव यांच्या मंडळींत ते वयानें वडील, म्हणून सर्वांचे काका.

त्यांची कथा मुख्यत्वें महिपतींच्या 'भक्तविजय' ग्रंथामुळें घरोघर गेली. तो ग्रंथ १७६२ सालचा, म्हणजे गोरोबांमागून सुमारें साडेचारशें वर्षांचा, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्यानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें ॲबटसाहेबांच्या मृत्यूनंतर १९३३ पासून प्रसिद्ध झालें.

ज्यांनीं कुंभाराचें काम पाहिलें नाहीं, त्यांस पुढील प्रसंग समजणें कठीण. माती निवडून भिजवितात, तींत राख किंवा लीद मिसळतात, आणि मग ती पायांनीं तुडवितात. तुडविण्यांत कसर राहिली, आंत खडा किंवा हवा राहिली, तर मडकें आव्यांत फुटतें आणि सारे श्रम वायां जातात. हें काम वेळ खाणारें. पाय एका लयींत चालतात आणि मन मोकळें राहतें. गोरोबांचें मन विठ्ठलाच्या नामांत गुंतलें होतें. पत्नी संती पाण्यास गेली होती, जातांना तान्ह्या मुलास संभाळण्यास सांगून. मूल रांगत चिखलांत आलें आणि बापाच्या पायांखालीं तुडविलें गेलें. बापास कळलेंही नाहीं.

कित्येक कथेकरी येथें बापाच्या तल्लीनतेची थोरवी गातात आणि पुढें जातात. आम्हांस तसें पुढें जातां येत नाहीं. घागर घेऊन परतलेल्या त्या मातेनें काय पाहिलें असेल! तिनें आक्रोश केला, नवऱ्यास बोल लावले. आणि तो उलट तिलाच मारावयास धांवला. तेव्हां तिनें त्यास विठ्ठलाची शपथ घातली, कीं मला शिवूं नये. गोरोबांनीं ती शपथ अक्षरशः पाळली. वंश खुंटेल म्हणून संतीनें आपली बहीण रामी हिचें त्यांच्याशीं लग्न लाविलें. परंतु सासऱ्यानें दोघींस सारखें वागविण्यास सांगितल्यामुळें तीच शपथ तिलाही लागू झाली. एके रात्रीं दोघींनीं निजलेल्या पतीचे हात आपल्या अंगावर घेतले. जागे झाल्यावर, शपथ मोडली म्हणून, त्यांनीं ते हात तोडून टाकले. ज्या हातांवर घराचें पोट चाले, तेच गेले. या निष्ठेचें आम्हांस नवल वाटतें; तिच्यापायीं दोन स्त्रियांनीं काय सोसलें, हेंही आम्हीं विसरत नाहीं.

दुसरी कथा थापटण्याची. चाकावरून उतरलेलें ओलें मडकें जाड बुडाचें असतें. आंतून गोल दगड धरून बाहेरून लांकडी थापटण्यानें तें ठोकून वाढवावें लागतें. संतमेळ्यांत मुक्ताबाईनें काकांस विचारलें, कीं यांतील कोणतें मडकें कच्चें तें पाहा. काकांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकलें. इतर स्वस्थ बसले. नामदेव मात्र चिडले. काकांनीं त्यांसच कच्चें ठरविलें. मेळ्यांत मोठमोठे ज्ञानी असतां निवाडा मागितला गेला तो कुंभाराजवळ, हें आम्हांस फार आवडतें. अपमानित नामदेव पुढें विसोबा खेचरांकडे गेले व त्यांचे शिष्य झाले.

गोरोबांचा शेवटचा प्रसंग परंपरा पंढरपुरांत सांगते, आणि तो याच नामदेवांच्या कीर्तनांत. सर्वांनीं टाळी वाजविण्यास हात वर केले, तेव्हां गोरोबांनींही आपले थोटे बाहू उचलले, आणि त्यांस हात फुटले. संती गर्दींत उभी होती. तिनें हात मागितले नव्हते. तिनें आपलें मूल मागितलें. कथा म्हणते, तें मेळ्यांतून रांगत तिच्याकडे आलें.