पाट्या उतरवणारा वकील : थरगुड मार्शल

बाल्टिमोरच्या बाजारपेठेत एका शाळकरी कृष्णवर्णीय मुलाला शौचाला लागली. त्या भागात त्याला वापरता येईल असं एकही शौचालय नव्हतं. ट्राम पकडून तो घराकडे धावला आणि कसाबसा दारापर्यंत पोहोचला. तो मुलगा म्हणजे थरगुड मार्शल. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले तरी हा प्रसंग ते विसरले नाहीत.

जन्म २ जुलै १९०८ चा. वडील रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये काम करत, आई शिक्षिका. शाळेत खोड्या केल्या की त्यांना तळघरात बसवून राज्यघटना वाचायला लावत. (ही शिक्षा आपल्या शाळांनीही सुरू करायला हरकत नाही!)

१८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायालयाने वेगळं पण समान हे तत्त्व मान्य केलं होतं. त्याच्या आधारावर दक्षिणेत रेल्वेचे डबे, प्रतीक्षालयं, पाण्याचे नळ, सगळीकडे व्हाइट आणि कलर्ड अशा पाट्या टिकल्या. वेगळेपणा कडक पाळला गेला, समानता कधी आलीच नाही.

घराजवळचं विधी महाविद्यालय काळ्यांना प्रवेश देत नव्हतं. मार्शल रोज रेल्वेने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जात. फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण ठेवली. तिथे चार्ल्स ह्यूस्टन हे गुरू भेटले. १९३६ मध्ये या दोघांनीच खटला जिंकून ते बंद दार एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी उघडायला लावलं.

१९४६ मध्ये आयरीन मॉर्गन यांच्या खटल्यात राज्याराज्यांतून धावणाऱ्या बसमधली वेगळी आसनं बेकायदा ठरली. १७ मे १९५४ ला ब्राउन खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पाट्या मात्र जागच्या जागी होत्या. १९६० मध्ये ब्रूस बॉइंटन या विद्यार्थ्यासाठी मार्शल पुन्हा उभे राहिले. बस स्थानकाच्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या बाजूला बसला म्हणून त्याला अटक झाली होती. हाही खटला जिंकला.

आणि तरीही पाट्या उतरल्या नाहीत! १९६१ च्या मे महिन्यात फ्रीडम रायडर्स, म्हणजे काळे-गोरे कार्यकर्ते, एकत्र बसमध्ये बसून दक्षिणेत गेले. अलाबामात त्यांची एक बस जाळली, त्यांना मारहाण झाली. तेव्हा कुठे केंद्रीय आयोगाने नियम केला आणि १ नोव्हेंबरपासून बस स्थानकांवरच्या पाट्या काढणं बंधनकारक झालं. न्यायालयातला निकाल आणि रस्त्यावरची पोरं, दोन्ही लागलं.

वस्तीत काम करताना मला वाटतं, त्यांच्याकडे निदान पाटी तरी होती. तिचा फोटो निघत होता, ती पुरावा होत होती. महाडच्या चवदार तळ्यावर कुठली पाटी होती? उलट १९२४ मध्ये नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव होता. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्यायल्यावर सवर्ण कोर्टात गेले, ते रूढीचा दावा घेऊन. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

हॉटेलं, थिएटरं, उपाहारगृहं यांतला भेदभाव संपवणारा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ रोजी सहीनिशी लागू झाला. मार्शल तेव्हा फेडरल अपील न्यायालयात न्यायाधीश होते आणि त्या दिवशी त्यांना ५६ वर्षं पूर्ण झाली. १९६७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. २४ जानेवारी १९९३ ला ते गेले, तेव्हा त्यांचं पार्थिव त्याच न्यायालयाच्या दालनात ठेवलं होतं. काळे-गोरे हजारो लोक एकाच रांगेत उभे राहून दर्शन घेऊन गेले.