पावलांचा हिशेब

बास्केटबॉलचा सामना बघायला आलेल्या आयांना एक प्रश्न हमखास पडतो. पोरगी छान चेंडू घेऊन निघालेली असते. कुणी तिला अडवलेलं नसतं, कुणाला धक्काही लागलेला नसतो. तरी पंच शिट्टी फुंकतात, छातीसमोर दोन्ही मुठी रहाटासारख्या फिरवतात आणि चेंडू सरळ समोरच्या संघाला देऊन टाकतात. असं काय चुकलं हो तिचं? मी शाळेत पी.टी. शिकवते आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या मुलींच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला फार येतो. उत्तर एका शब्दाचं आहे, ट्रॅव्हलिंग. म्हणजे चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पावलं टाकणं. पण मैत्रिणींनो, पावलांचा हा हिशेब बायकांच्या खेळात कसा आला, हे सांगायचं तर आधी सेंडा बेरेन्सन या बाईची गोष्ट सांगायला हवी. महिला बास्केटबॉलची जननी म्हणून तिला जग ओळखतं.

सेंडाचा जन्म १९ मार्च १८६८ चा, लिथुआनियातल्या एका खेड्यातला. तेव्हा तो मुलूख रशियन साम्राज्यात होता. घर ज्यू आणि गरीब. १८७५ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत बोस्टनला आलं. वडील फिरतीवर किरकोळ माल विकायचे. थोरला भाऊ बर्नार्ड पुढे चित्रकलेचा जगप्रसिद्ध जाणकार झाला. सेंडाला मात्र पियानो वाजवायचा होता. ती संगीत शिकायला लागलीसुद्धा, पण प्रकृती इतकी तोळामासा की थोडा वेळ बसलं तरी पाठ भरून यायची. शेवटी संगीत सोडावं लागलं.

तब्येत सुधारावी म्हणून १८९० मध्ये तिला बोस्टनच्या व्यायाम-शिक्षिका घडवणाऱ्या शाळेत घातलं. तिथल्या मुख्य बाई एमी मॉरिस होमन्स शिस्तीच्या कडक. सुरुवातीला सेंडाला तो व्यायाम मुळीच आवडायचा नाही, झेपायचाही नाही. पण हळूहळू पाठ ताठ झाली, अंगात बळ आलं. जिला स्वतःचं शरीर ओझं वाटत होतं, ती दुसऱ्या मुलींना व्यायाम शिकवायला निघाली! जानेवारी १८९२ मध्ये ती नॉर्दम्प्टन गावच्या स्मिथ कॉलेजमध्ये, म्हणजे मुलींच्या कॉलेजमध्ये, शिक्षिका म्हणून रुजू झाली.

तो काळ कसा होता बघा. जास्त शिकलं तर बाईची प्रकृती ढासळते, असं शिकलेसवरलेले डॉक्टरही सांगत. पळणं, घामाघूम होणं हे तर चांगल्या घरच्या मुलीला शोभतच नाही, अशी समजूत. सेंडाबाई मुलींकडून स्वीडिश पद्धतीच्या कवायती करून घेत, पण मुली कंटाळत. आणि नेमकं त्याच वेळी जवळच्या स्प्रिंगफिल्ड शहरात एक नवा खेळ जन्माला आला होता.

हा खेळ काढला जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी, डिसेंबर १८९१ मध्ये. थंडीच्या दिवसांत तरुणांना चार भिंतींच्या आत खेळवायचं होतं. मैदानावरचा अमेरिकन फुटबॉल आत खेळवला तर हातपाय मोडणार. नेस्मिथ यांनी विचार केला, त्या खेळात माणसाला खाली पाडतात ते का? तर तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. मग पळायलाच बंदी घातली तर पाडायचं कारणच उरणार नाही! त्यांच्या मूळ १३ नियमांतला हा गाभा. चेंडू जिथे हातात आला तिथूनच तो फेकायचा. भरधाव येताना चेंडू पकडला आणि थांबायचा प्रयत्न दिसला, तर तेवढी सूट. ट्रॅव्हलिंगच्या नियमाचं मूळ हे असं आहे. पाय बांधले ते धक्काबुक्की टळावी म्हणून. गोल म्हणून सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या, म्हणून नाव बास्केटबॉल. शेजारच्या शाळेतल्या काही शिक्षिका हा खेळ बघायला आल्या आणि आम्हालाही खेळू द्या म्हणाल्या. त्यांतल्याच एका, मॉड शर्मन, पुढे नेस्मिथबाई झाल्या!

या नव्या खेळाबद्दल सेंडाबाईंनी वाचलं आणि १८९२ मध्येच आपल्या मुलींना शिकवायला घेतला. मार्च १८९३ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या मुली असा सामना ठरला. प्रेक्षकांत पुरुषांना मज्जाव, कारण मुली घोळदार विजारी घालून खेळणार होत्या. खेळ सुरू करायला बाईंनी चेंडू वर उडवला आणि त्यांचाच हात एका मुलीच्या उंचावलेल्या हाताला लागला. तिचा खांदा निखळला! दुसरी कुणी असती तर तिथेच खेळ गुंडाळला असता. पण त्या मुलीला बाहेर नेलं, बदली मुलगी आत आली आणि सामना झाला. दुसऱ्या वर्षाच्या मुली ५-४ ने जिंकल्या.

मुली मात्र हट्टाला पेटून खेळत होत्या. चेंडू ओढाओढी, एकमेकींवर आदळणं. सेंडाबाईंना कळलं, हे असंच चाललं तर कॉलेजचे लोक आणि घरचे हा खेळ बंद करायला टपलेलेच आहेत. म्हणून त्यांनी नियम बदलले. मैदानाचे रेघा आखून तीन भाग केले, ज्या मुलीला जो भाग दिला तिने तो ओलांडायचा नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही. चेंडू तीन सेकंदांहून जास्त वेळ धरायचा नाही. आणि तीनपेक्षा जास्त टप्पे मारायचे नाहीत. एकच चपळ मुलगी सगळा सामना खाऊन टाकेल आणि बाकीच्या नुसत्या उभ्या राहतील, हे त्यांना नको होतं. चेंडू सगळ्यांच्या हातून गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

तोवर ठिकठिकाणी आपापले नियम सुरू झाले होते. दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला क्लारा बेअर या बाईंनी १८९५ मध्ये वेगळेच नियम छापले. १८९६ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींनी दोन कॉलेजांमधला सामना खेळून दाखवला. नियमच निरनिराळे असले तर पंचाने शिट्टी कशावर वाजवायची? म्हणून १८९९ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या परिषदेत एक समिती नेमली गेली आणि सेंडाबाईंच्या नियमांच्या आधारे सर्वांसाठी एकच नियमावली झाली. ती पुस्तिका त्यांनी पुढे कितीतरी वर्षं संपादित केली. १९०५ ते १९१७ त्या महिला बास्केटबॉल समितीच्या अध्यक्षा होत्या. १९११ मध्ये स्मिथमधल्याच इंग्रजीच्या प्राध्यापकांशी, हर्बर्ट अॅबट यांच्याशी, त्यांचं लग्न झालं आणि त्यांनी कॉलेज सोडलं. तरी नंतर १९२१ पर्यंत त्या गावातल्या एका मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवतच होत्या. १९२९ मध्ये पती गेले. शेवटची वर्षं कॅलिफोर्नियात बहिणीच्या सोबतीने काढून १६ फेब्रुवारी १९५४ ला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आता आजचा नियम सोपा करून सांगते. उभी असताना चेंडू हातात आला आणि एक पाय उचलला, की दुसरा पाय पिव्हट. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक जसं कागदावर रोवलेलं असतं तसा तो पाय. त्याभोवती हवं तेवढं फिरा. टप्पा सुरू करायचा असेल तर तो पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास द्यायला किंवा बास्केट करायला तो पाय उचलला तर चालतो, पण पुन्हा जमिनीला लागायच्या आत चेंडू सुटायला हवा. पळता पळता चेंडू हातात घेतला तर पुढे दोन पावलं मिळतात. चेंडू हाती येताना जो पाय जमिनीवर होता तो मोजायचा नाही, हे आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ मध्ये स्पष्ट झालं. चेंडू धरून पडली, घसरली तर चालतं. चेंडूसकट लोळली किंवा उठून उभी राहिली तर मात्र शिट्टी.

नव्याने पंच होणाऱ्या मुलींना मी एकच सांगते. सगळं मैदान चेंडूकडे बघत असतं, तुम्ही चेंडू हातात येताक्षणी पायांकडे बघा. रोवलेला पाय कोणता ते दिसलं नसेल, तर अंदाजाने शिट्टी मारू नका.

सेंडाबाईंचा विचार करताना मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्यांनी त्या रेघा आखल्या नसत्या, तर मुलींना मैदानच मिळालं नसतं. पण त्याच रेघा नंतर पुसायला किती वर्षं लागली! १९३८ मध्ये तीन भागांचे दोन झाले. मनाला येईल तितके टप्पे मारायची मुभा बायकांना १९६६ मध्ये मिळाली, आणि पुरुषांसारखं पूर्ण मैदान १९७१ मध्ये. आयोवा राज्यातल्या शाळकरी मुली तर १९९३ पर्यंत अर्ध्या मैदानात खेळत होत्या. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला, बायकांचा १९७६ ला. चाळीस वर्षांचं अंतर. तोंड उघडायला लावलेली फट नंतर कुणी दार म्हणून उघडायचीच विसरलं, असं काहीसं झालं.

हे सगळं लांबचं वाटतं का? आमच्याकडे मुलींचा संघ उभा करताना मलाही काही वडीलधाऱ्यांनी सुचवलं होतं, पोरी दमतील, त्यांना अर्ध्याच मैदानात खेळवा. मी पूर्ण मैदान मागून घेतलं. पोरी दमल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा धावल्या!

१९८५ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदाच बायकांना मान मिळाला, त्यांत सेंडाबाई होत्या. स्वतः जाऊन तीस वर्षं झाल्यावर. त्यांच्या आयुष्यातून मी एवढंच घेते. नियम दोन जातीचे असतात. एक धक्काबुक्की थांबवतो, एक नुसते पाय थांबवतो. पावलं मोजण्याचा नियम पहिल्या जातीचा, म्हणून तो मुलं आणि मुली दोघांना सारखाच आहे आणि १८९१ पासून टिकलाय. मैदानावरच्या रेघा दुसऱ्या जातीच्या होत्या, त्या पुसल्या गेल्या. आपल्या मुलींना घरात, अंगणात, शाळेत आपणही नियम घालतोच ना? ते घालताना एकदा विचारून बघूया, हा नियम कुठल्या जातीचा? आणि तोच नियम घरातल्या मुलालाही आहे का?